विनोद कुणाचा, मार कुणाला

विनोद इतका जिव्हारी लागू शकतो का, की ऐकणाऱ्याने हात उचलला तर त्याला बरोबर म्हणावं? पुण्यातल्या एका मामा-भाचीचा या प्रश्नावरून बराच काळ वाद चालला आहे. मामा शिवाजीनगर न्यायालयात फौजदारी वकिली करून निवृत्त झाले. भाची कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. घर आंबेडकरी चळवळीतलं, त्यामुळे अपमान काय असतो हे दोघांपैकी कुणालाच पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. मामांचं उत्तर ठाम आहे: हात उचलणं कधीच बरोबर नाही. भाचीला हे 'कधीच' खटकतं. "विनोद कुणी केला, कुणावर केला, कुणासमोर केला, हे न बघता निकाल कसा देता मामा?" असा तिचा सवाल.

तिचं पहिलं उदाहरण सगळ्या जगाने पाहिलेलं आहे. २७ मार्च २०२२, लॉस एंजेलिसचं डॉल्बी थिएटर, ऑस्करचा ९४वा सोहळा. विनोदवीर ख्रिस रॉकने जेडा पिंकेट स्मिथच्या केस काढलेल्या डोक्यावरून 'जी. आय. जेन' या चित्रपटाचा हवाला देत विनोद केला. जेडाला केस गळण्याचा विकार आहे आणि ते तिने आधीच जाहीरपणे सांगितलेलं होतं. तिचा नवरा विल स्मिथ उठला, मंचावर गेला आणि त्याने रॉकच्या थोबाडीत दिली.

"याच रॉकने २००९ मध्ये 'गुड हेअर' नावाचा माहितीपट केला होता," भाची म्हणते. "काळ्या बायकांना केसांपायी काय काय सोसावं लागतं, तेच त्यात दाखवलंय. म्हणजे हे दुखणं त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. आणि तोच भर सभेत तिच्या डोक्यावरून हशा घेतो! नवरा उठला याचा मला राग येत नाही."

"मलाही येत नाही," मामा म्हणतात. "पण राग न येणं वेगळं आणि समर्थन करणं वेगळं. त्याच रात्री स्मिथला सर्वोत्तम अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. माइक त्याच्या हातात, सगळं जग समोर. बायकोच्या आजाराबद्दल दोन वाक्यं बोलला असता, तर रॉकला मान वर करता आली नसती. त्याऐवजी भाषणात त्याला अकादमीची माफी मागावी लागली. १ एप्रिलला त्याने अकादमीचा राजीनामा दिला, ८ एप्रिलला त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. आणि विनोद थांबला का? ४ मार्च २०२३ ला रॉकने नेटफ्लिक्सवर थेट प्रक्षेपित झालेल्या कार्यक्रमात त्या नवरा-बायकोची आणखी टवाळी केली. ज्या बाईसाठी हात उठला, तिच्या वाट्याला काय आलं?"

भाची क्षणभर थांबते, पण मागे हटत नाही. "त्याच्याकडे माइक होता, मान्य. मी ज्यांच्याबद्दल बोलतेय त्यांच्याकडे तो नसतो."

वादाचा खरा कणा इथे आहे. हॉलीवूडच्या दोन कोट्यधीशांचं भांडण चघळायला सोपं आहे. ज्याला उत्तर द्यायला जागाच नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न मात्र सोपा नाही, आणि मामांनाही ते माहीत आहे. म्हणून ते आधी कायदा काय म्हणतो ते सांगतात.

भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, साधी दुखापत केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तीच दुखापत 'गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभा'मुळे झाली असेल, तर कलम १२२ नुसार कैद जास्तीत जास्त एक महिना. "म्हणजे माणसाचं रक्त उसळतं हे कायद्याला कळतं," मामा सांगतात. "शिक्षा कमी होते, पण गुन्हा पुसला जात नाही. आणि यात आणखी एक अट आहे, जी लोक वाचतच नाहीत. ज्याने प्रक्षोभ दिला त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाला इजा करण्याचा हेतू नसला पाहिजे, आणि तशी इजा होईल याची जाणीवही नसली पाहिजे. तरच ही सवलत."

आकस्मिक म्हणजे किती आकस्मिक, हे मुंबईतल्याच एका खटल्याने ठरवून दिलं. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर नानावटी यांनी पत्नीचे प्रेम आहुजाशी संबंध असल्याचं कळल्यावर त्याचा गोळ्या घालून खून केला. बायकोने कबुली दिल्यापासून गोळी सुटेपर्यंत साधारण तीन तास गेले होते. मधल्या काळात त्यांनी बायको-मुलांना चित्रपटगृहावर सोडलं आणि जहाजावर जाऊन पिस्तूल घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये जन्मठेप कायम केली. शब्द आणि हावभावसुद्धा काही परिस्थितीत प्रक्षोभक ठरू शकतात, हे न्यायालयाने मान्य केलं. पण डोकं थंड व्हायला वेळ मिळाल्यानंतर केलेला वार त्या सवलतीत बसत नाही, असंही सांगितलं.

"आता मला सांग," मामा म्हणतात, "फोनाफोनी करून, गाड्या काढून, घोषणा ठरवून जी माणसं तोडफोडीला जातात, त्यांचा प्रक्षोभ आकस्मिक कसा?"

भाचीला हे पटतं. तिचं म्हणणं जमावाच्या बाजूचं नाहीच. पण मामा जमावाचा विषय सोडत नाहीत, कारण महाराष्ट्रात विनोदावरून झालेली हिंसा बहुतेक वेळा जमावानेच केली आहे. त्यातलं एक प्रकरण तर भाचीच्या विषयातलं, आणि घराच्याही काळजाला भिडणारं.

व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये एक व्यंगचित्र काढलं होतं. संविधान गोगलगाय झालंय, बाबासाहेब तिच्यावर चाबूक घेऊन बसलेत, मागे नेहरूंनीही चाबूक उगारलाय आणि भोवती बघ्यांची गर्दी आहे. २००६ मध्ये हे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आलं. संविधान व्हायला जवळपास तीन वर्षं का लागली, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा म्हणून ते घातलं होतं. पुस्तकाचे मुख्य सल्लागार होते योगेंद्र यादव आणि पुणे विद्यापीठातले सुहास पळशीकर.

"मी वर्गात उभी राहते मामा," भाची म्हणते. "समोर साठ-सत्तर पोरं, त्यात आपली पाच-सहा. नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे की बाबासाहेबांवर, हे चित्रात बघणाऱ्याने ठरवायचं. मागच्या बाकावरचा एक जण फिदीफिदी हसला, की त्या पाच-सहा पोरांनी कुठे बघायचं? शंकर मोठा चित्रकार होता, बाबासाहेब असल्या टीकेने डगमगणारे नव्हते, सगळं खरं. पण १९४९ चा वाचक आणि आजचा सोळा वर्षांचा पोरगा एक नाही. चित्र ज्यांना बोचलं त्यांना विनोद कळत नाही, असं २०१२ च्या वादात इंग्रजी वर्तमानपत्रांतून सुनावलं जात होतं. आम्हाला विनोद कळतो. कुणाच्या पाठीवर काय पडतं, तेही कळतं."

हे भाचीचं सगळ्यात वजनदार म्हणणं आहे, आणि २०१२ मध्ये ते शांतपणे ऐकून घ्यायला फार थोडे लोक तयार होते. चित्र ठेवावं की काढावं यावर मतभेद असू शकतो. पण वर्गात ते कसं वाचलं जाईल ही शंका बालिश नव्हती.

मामा तारखांवर येतात. ११ मे २०१२ ला संसदेत गदारोळ झाला. मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी खेद व्यक्त करून चित्र काढून टाकण्याचं आश्वासन दिलं. पळशीकर आणि यादव यांनी त्याच दिवशी राजीनामे दिले. पळशीकरांच्या विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली ती १२ मे ला. "म्हणजे मागणी मान्य झाल्यावर!" मामांचा आवाज चढतो. "चित्र निघणार होतं, राजीनामे आले होते. मग त्या दिवशी त्या टेबल-खुर्च्यांकडून काय मिळवायचं राहिलं होतं? आणि ज्याची खोली फोडली त्या माणसाने आयुष्यभर जात आणि राजकारण यांचाच अभ्यास केला. तू आत्ता जे बोललीस, वर्गातल्या त्या पाच-सहा पोरांबद्दल, ते दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत कुठेच उरलं नाही. उरली ती मोडकी कपाटं."

पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने पाठ्यपुस्तकांतली बरीच व्यंगचित्रं काढायची शिफारस केली आणि समितीतलेच अभ्यासक एम. एस. एस. पांडियन यांनी वेगळं मत नोंदवलं. दलित चळवळीविषयी आस्था असलेल्या दोन अभ्यासकांतला हा मतभेद होता. चित्राने दुखावलेल्यांना आणि चित्राचं समर्थन करणाऱ्यांना, दोघांनाही त्यातून शिकण्यासारखं बरंच होतं. त्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

पुण्याने असंच काही त्याच्या आठ वर्षं आधीही पाहिलं होतं, आणि तिथे तर कारणच एक विनोद होतं. जेम्स लेन या अमेरिकी प्राध्यापकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात, लोक खासगीत एक हीन विनोद करतात असा उल्लेख होता. पुस्तक २००३ मध्ये आलं. त्या वाक्याला कोणताही पुरावा नव्हता आणि त्यावर पुण्यातल्या इतिहास अभ्यासकांनीच पत्र लिहून आक्षेप घेतला. नोव्हेंबरमध्ये ऑक्सफर्डने पुस्तक भारतातल्या बाजारातून मागे घेतलं. त्यानंतर, २२ डिसेंबरला, संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला शिवसैनिकांनी काळं फासलं. त्यांचा दोष एवढाच, की लेनने पुस्तकात त्यांचे आभार मानले होते. शिवसेनेचे तेव्हाचे नेते राज ठाकरे यांनी नंतर स्वतः भेटून त्यांची माफी मागितली. आणि ५ जानेवारी २००४ ला संभाजी ब्रिगेडच्या जमावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात घुसून कपाटं, ग्रंथ, हस्तलिखितं यांची नासधूस केली. लेखक तेव्हा सातासमुद्रापार होता.

"तो विनोद खरंच हलकट होता," भाची म्हणते. "एका आईची बदनामी. त्याला 'लोक असं म्हणतात' एवढा आधार पुरत नाही."

"नाहीच पुरत. पण मार कुणी खाल्ला? पोथ्यांनी!"

मग मामा जी गोष्ट सांगतात ती भाचीला ठाऊक नव्हती. द्रौपदीने दुर्योधनाला आंधळ्याचा पोर म्हणून हिणवलं आणि त्यातून महाभारत घडलं, हे आपल्याकडे कीर्तनापासून दूरदर्शनपर्यंत सगळ्यांनी सांगितलंय. बोचऱ्या विनोदाचं फळ काय होतं याचा तो जणू दाखलाच. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षं खपून, देशभरची हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. तिच्यात द्रौपदीच्या तोंडी ते वाक्य नाही. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते नोकरचाकर, भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव. द्रौपदीही हसली, हे पुढे दुर्योधन बापाजवळ तक्रार करताना सांगतो. आणि भर सभेत वस्त्राला हात घातला जातो तो तिच्या. ज्या संस्थेने हे शोधून काढलं, तिच्याच कपाटांवर २००४ मध्ये दगड-काठ्या चालल्या.

हेच सूत्र मामांच्या सगळ्या युक्तिवादाच्या मुळाशी आहे: विनोदाला दिलेला मार विनोद करणाऱ्याला क्वचित लागतो. जो हाताशी सापडेल त्याला लागतो. मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट' या स्टुडिओचं उदाहरण ताजं आहे. विनोदवीर कुणाल कामराने तिथे उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत केलं, चित्रफीत २३ मार्च २०२५ ला प्रसिद्ध झाली आणि त्याच रात्री शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तो स्टुडिओ फोडला. कामरा तिथे नव्हता. दुसऱ्या दिवशी अटक झालेल्या बारा जणांना त्याच दिवशी जामीनही मिळाला, आणि महापालिकेचं पथक हातोडे घेऊन त्याच जागेवर पोचलं. आपण तोडफोडीचं समर्थन करत नाही, पण क्रियेला प्रतिक्रिया असते, असं शिंदे म्हणाले. 'प्रतिक्रिये'चा फटका बसला तो जागेच्या मालकाला, तिथल्या नोकरांना आणि त्या मंचावर पुढच्या तारखा घेतलेल्या होतकरू कलाकारांना.

पॅरिसमध्ये ७ जानेवारी २०१५ ला 'शार्ली एब्दो' या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकावर हल्ला झाला. तिथे मात्र मारेकरी थेट चित्रकारांपर्यंत पोचले. मेलेल्या बारा जणांत दोन पोलीस होते आणि इमारतीची देखभाल करणारा एक कर्मचारीही होता. त्या हल्ल्याची झळ आपल्याकडेही लागली. एका उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी या प्रकरणाच्या बातमीसोबत त्या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ छापलं. माफी मागूनही त्यांना त्याच महिन्यात अटक झाली आणि ती आवृत्ती बंद पडली.

"झालं तुमचं?" भाची विचारते. "तुम्ही मोजताय ते सगळे जमाव आणि पक्ष. कामरा उपमुख्यमंत्र्यावर बोलला. तिथे हात उचलणाऱ्यांच्या पाठीशी सत्ता होती. त्यांचं समर्थन मी कशाला करू? मी बोलतेय ती एकटी मुलगी आहे. वसतिगृहात राहते, राखीव जागेवर आलीय. रोज रात्री कुणीतरी तिच्या आडनावावरून, तिच्या मार्कांवरून विनोद करतं. ती रडली तर 'अगं, गंमत केली' म्हणतात. २०१९ मध्ये मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात शिकणाऱ्या आदिवासी डॉक्टर मुलीने जीव दिला. वरिष्ठ मुली जातीवरून छळत होत्या, असा तिच्या घरच्यांचा आरोप आहे, खटला न्यायालयात आहे. मामा, अशी पोरगी एक दिवस उठून समोरचीच्या कानशिलात लावते. स्वतःवर हात उचलण्यापेक्षा तिने तिथे उचलला. तिला तुम्ही चूक म्हणणार?"

मामा याचं उत्तर घाईने देत नाहीत. "तिचं वकीलपत्र मी घेईन," ते म्हणतात. "आत्ता, या वयातही. कलम १२२ मांडेन, आधीच्या छळाचा सगळा पाढा वाचेन. नानावटी निकालातच म्हटलंय, की मयताच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची काय अवस्था झाली होती तेही बघायचं. पण ती बरोबर होती असं न्यायाधीशापुढे म्हणणार नाही. कारण ते म्हटलं, की उद्या तेच वाक्य समोरची बाजू वापरेल. आणि त्यांच्याकडे हात जास्त आहेत. महाडला काय झालं? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानंतर आपल्या लोकांना गावात गाठून मारलं. बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' काढलं. तू म्हणतेस ना माइक नव्हता, त्यांनी तो तयार केला. आणि तळ्याचा दावा उच्च न्यायालयापर्यंत लढवून जिंकला."

"१९३७ मध्ये. दहा वर्षं लागली."

"दहा वर्षं."

"त्या पोरीकडे दहा दिवससुद्धा नाहीत. आणि तुमचा अ‍ॅट्रॉसिटी कायदा? अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला पाहिजे, ही त्यातली अट. २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी हजर नसताना शिवी दिली तर ते कलम लागत नाही. वसतिगृहातली खोली चार भिंतींचीच असते."

या मुद्द्यावर मामांच्या बाजूला खरोखर भोक आहे. हिंसा नको म्हणणाऱ्याने दुसरी वाट दाखवली पाहिजे, आणि ती वाट अपमान झालेल्याला चालून जाता येईल इतकी जवळची पाहिजे. नाहीतर 'संयम पाळा' हा सल्ला सोसणाऱ्यालाच आणखी सोसायला लावतो.

मामा ते मान्य करतात आणि फारसं कुणी न वापरलेलं हत्यार काढतात: महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा. त्यातल्या व्याख्येत मारहाण तर आहेच, पण चिडवणं, शिवीगाळ, धमकी आणि चेष्टेखातर केलेले खोडसाळ प्रकारही नावानिशी आहेत. विद्यार्थ्याला लाज वाटेल, मानसिक त्रास होईल असं वर्तन पुरतं. लोकांच्या नजरेसमोर घडलं पाहिजे अशी अट नाही. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची, तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. त्याने टाळाटाळ केली तर तोच गुन्ह्याला साथ देणारा धरला जातो. २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेही आपल्या नियमांत जात, धर्म, प्रदेश, रंग यांवरून होणारा छळ रॅगिंग म्हणून घातला.

"सात दिवस तिने त्याच खोलीत झोपायचं?" भाची विचारते.

"नाही. पहिल्याच दिवशी खोली बदलून मागायची. लेखी. अर्जाची पोच घ्यायची."

"आणि अर्जात काय? 'माझा अपमान झाला' म्हटलं की प्राचार्य म्हणतात, पोरं चेष्टा करतातच."

"म्हणून तसं लिहायचंच नाही. तारीख, वेळ, खोली क्रमांक. विनोद शब्दशः लिहायचा, कितीही घाण असला तरी. कोण बोललं त्याचं नाव. आणि जे हसले त्यांचीही नावं, एकूण एक. ते साक्षीदार आहेत."